मोरोक्कोच्या तालावर आईचा तवा

माझ्या पुतण्यानं मला फसवलं. सख्ख्या पुतण्यानं, माझ्या दुकानात, माझ्या स्टुलावर बसून, माझा चहा पिता पिता. त्यानं शब्द दिला होता की कार्यक्रमाच्या वेळी त्याचा बाप हॉलमध्ये नसेल. त्याचा बाप हॉलमध्ये होता. पुढे जे झालं ते सगळं या एका गोष्टीतून झालं, आणि ज्यांना वाटतं की मी उगाच आकांडतांडव करतो, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

कल्याणच्या बाजारात माझं लोखंडी भांड्यांचं दुकान आहे. तवे, कढया, झारे, उलथणी. सुरुवात हातगाडीवर केली, गाळा नंतर आला. घासाघीस मला कोणी शिकवली नाही. भाव न पटल्याचं नाटक करून निघून गेलेलं गिऱ्हाईक परत येणार की नाही, हे मी मान वर न करता चपलांच्या आवाजावरून ओळखतो. माझा राग बाजारात प्रसिद्ध आहे, आणि तो कधी फुकट गेलेला नाही.

पुतण्याचा बाप म्हणजे माझा मोठा भाऊ. आमची कोपरीला चाळीत खोली होती. आई गेल्यावर ती विकायची ठरली. ज्या दिवशी सामान हलवायचं होतं, त्या दिवशी मी दुकानात माल उतरवून घेत होतो. संध्याकाळी जाऊन बघतो तर देव्हारा रिकामा. देवीचा टाक, खंडोबाचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शंख, घंटा, सगळं दादा घोडबंदर रोडच्या नव्या फ्लॅटवर घेऊन गेलेला. म्हणाला, देव मोठ्याकडे असतात, रीत आहे. रीत असेल, पण आईच्या मागं रोजची पूजा मी करत होतो, दादाला आरतीचं दुसरं कडवं येत नाही.

मला त्यानं काय दिलं, तर देवांचा फोटो. मोबाइलवर काढलेला, मोठा करून, फ्रेम लावून. त्या फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात दादाचा अंगठा आलेला आहे. अकरा वर्षं मी त्या फोटोला फूल वाहतो आहे, आणि अकरा वर्षं ते फूल घसरून बरोबर अंगठ्यावर पडतं आहे. म्हणून मी दादाशी बोलत नव्हतो. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

आईच्या वस्तूंपैकी माझ्याकडे एकच आलेली, तीही दादाला नको होती म्हणून. तिचा तवा. भाकऱ्या भाजून भाजून झिजलेला, मधून पातळ, कडेला काळा. तो दुकानात माझ्या डोक्यामागे खिळ्याला टांगलेला असतो. विकायचा नाही.

पुतण्या संगीत करतो. म्हणजे मशीनवर करतो. बापाचं आणि माझं बोलणं नसलं तरी तो दुकानात येत असे, मी येऊ देत असे. पोराचा त्यात काय दोष. एके दिवशी दुपारी तो एका पाहुण्याला घेऊन आला. उंच, काळासावळा, पांढरी दाढी, डोक्याला कवड्या लावलेली टोपी.

"काका, हे मोरोक्कोचे. ग्नावाचे उस्ताद आहेत."

"कसले?"

मग त्यानं समजावून सांगितलं. फार पूर्वी वाळवंटापलीकडून गुलाम म्हणून पकडून आणलेली माणसं, त्यांच्या वंशजांचं हे गाणं. त्यात निरनिराळ्या शक्तींना बोलावतात. प्रत्येकीचा रंग वेगळा, धूप वेगळा, चाल वेगळी. जिची चाल लागते ती ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी अंगात येते, आणि तिचं समाधान होईपर्यंत वाजवणं थांबवायचं नसतं. पुतण्या हे सगळं क्लबात वाजतं तसल्या संगीतात मिसळणार होता.

"म्हणजे आपला गोंधळच की," मी म्हणालो.

"काका, जगातलं सगळं आपलंच नसतं."

"अंगात येतं ना? वाजवणं थांबवत नाहीत ना? मग."

अडचण अशी होती की पाहुण्यांची मोठी तंतुवाद्याची पेटी विमानातून नीट आली, पण लोखंडी टाळांची पिशवी आली नाही. पुतण्यानं मोबाइलवर चित्र दाखवलं. वीतभर लांबीची लोखंडी पट्टी, दोन्ही टोकांना वाटीसारखा फुगवटा. अशा दोन पट्ट्या एकावर एक बांधून एक जोड, आणि प्रत्येक हातात एक जोड. दोन झारे पाठीला पाठ लावून जोडले तर दिसतील तसं.

मी म्हणालो, हे काय, उद्या देतो. डोंबिवलीला एमआयडीसीत माझा ठोकणारा लोहार आहे, त्याच्याकडून स्टीलचा एक जोड करून आणला. पाहुण्यांनी तो दोनदा वाजवला आणि हळूच गल्ल्यावर ठेवला. खाणावळीत ताटं पडल्यासारखा आवाज येत होता, हे मलाही कळलं. मग ते उठले आणि दुकानात हिंडू लागले. बोटाच्या पेरानं एकेक कढई ठोकायची, कान लावायचा, मान हलवायची, पुढची. कलिंगड घेताना बायका करतात तसं. माझ्या आयुष्यात इतकं खरं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. ठोकत ठोकत ते माझ्या डोक्यामागे आले आणि आईच्या तव्यापाशी थांबले. एकदा ठोकला. दुसऱ्यांदा ठोकला नाही.

"त्यांना हा पाहिजे," पुतण्या म्हणाला.

"विकायचा नाही."

पाहुणे दुकानाबाहेर पडले. मी मान वर केली नाही. पावलं मोजली. वीस. थांबली. मी वर्तमानपत्र उघडलं. पावलं परत आली नाहीत. पाच मिनिटांनी मी बघितलं तर ते समोरच्या पायरीवर बसून माझ्याकडे नव्हे, तव्याकडे बघत होते. परत यायचंच नाही, जायचंही नाही, असला डाव मी पहिल्यांदाच पाहत होतो. चहा मागवला. ते आत आले. त्यांनी चहा प्यायला आणि पुन्हा तव्याकडे बघायला लागले. तासाभरानं मी हरलो. हरलो म्हणजे अट घालून हरलो.

"देतो," मी पुतण्याला म्हणालो. "दान नाही, वाजवायला. कार्यक्रम झाला की टाळ परत. आणि आईचा तवा वाजत असताना तुझा बाप त्या हॉलमध्ये दिसता कामा नये. त्याला नको होता तवा. मग त्यानं ऐकायचाही नाही."

"कबूल, काका."

"शब्द?"

"शब्द."

तवा कापताना मी लोहाराकडे गेलो नाही. दुकानात बसलो.

कार्यक्रम घोडबंदर रोडला, पुतण्या राहतो त्याच टॉवरच्या क्लबहाउसमध्ये होता. रविवारी दुपारी, कारण त्यानंतर हॉल झुंबाला दिलेला होता. पाहुण्यांना लोबान हवा होता. सोसायटीनं सांगितलं, धुराचा अलार्म वाजतो, लोबान चालणार नाही. मग तोड निघाली: एक वॉचमन मोगऱ्याचा रूम फ्रेशनर घेऊन कोपऱ्यात उभा राहिला आणि पाहुण्यांनी मान हलवली की फवारा मारू लागला. शक्तींच्या रंगांची सात वस्त्रं लागतात म्हणून महिला मंडळानं नवरात्राच्या नऊ रंगांच्या ओढण्या दिल्या, दोन उरल्या. एक बाई येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, "आज कुठला रंग आहे?" दारावर कागद होता, त्यावर सही करायची: चक्कर आल्यास, तोल गेल्यास अथवा भान हरपल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. मी सही केली नाही. मी कुठल्याच कागदावर पहिल्या झटक्यात सही करत नाही.

मंचावर मोठ्या अक्षरांत फलक होता: परंपरा आणि मशीन, आता वेगळं काढता येणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलेलं आहे.

सुरुवातीला पाहुण्यांचं तंतुवाद्य एकटंच वाजलं. तीन तारा, पण आवाज तारेचा वाटत नाही, कुणीतरी विहिरीतून बोलतंय असा वाटतो. मग त्यांच्याबरोबर मोरोक्कोहून आलेल्या साथीदारानं टाळ उचलले. मी दाराशी उभा होतो. टाळ वाजले आणि मला आवाज ओळखू आला. भाकरी उलटताना उलथणं तव्याच्या कडेला लागतं, तो. फक्त एकदा नाही, घोडा दौडत यावा तसा, सारखा. खालून पुतण्याच्या मशीनचा ठोका लागला, धप्प धप्प, माझ्या बरगडीत. निळी ओढणी वर गेली. वॉचमननं मोगरा मारला.

तेवढ्यात बाजूचं दार उघडून दादा आत आला. हातात मोबाइल पुढे धरलेला. आवाज किती होतोय ते मोजत होता. तो त्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

यापुढचं मला आठवत नाही. मी व्हिडिओत पाहिलेलं सांगतो.

त्याआधी कोपरीच्या चाळीचं सांगायला हवं, नाहीतर दादानं जे केलं ते कळणार नाही. आईच्या अंगात यायचं. नवरात्रात चाळीत गोंधळ घातला आणि संबळाचा वेग वाढला, की तिचा अंबाडा सुटायचा. चाळीत अजून दोन-तीन बायकांच्या यायचं. तेव्हा देवीशी बोलायला मला पुढे करायचे, कारण मी घासाघिशीत पक्का. कोण आलीस, काय पाहिजे, हे मी विचारायचो. देवी कोंबडा मागायची, मी नारळावर आणायचो. देवी साडी म्हणायची, मी खणावर. आणि देवीनं वाजप चालू असताना दिलेला शब्द मी पाळायला लावायचो. एकदा शेजारच्या काकूंनी अंगात आलेलं असताना गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी समोरच्या बाईला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, मी नव्हते बोलले, आणि तेव्हा संबळवाला घाम पुसायला थांबलेला, म्हणजे वाजप बंद होतं. मी निकाल दिला: तुणतुणं चालू होतं. एक तार वाजत असेल तर वाजप चालू. दोरी गेली. काकू माझ्याशी मरेपर्यंत बोलल्या नाहीत. दादा तेव्हा शेजारी उभा होता.

तर व्हिडिओ. दाराशी उभा असलेला मी चष्मा काढतो, डबीत ठेवतो, डबी खिशात ठेवतो, आणि मग घुमायला लागतो. काही लोक म्हणतात, अंगात आलेला माणूस चष्मा डबीत ठेवत नाही. मी म्हणतो, येणारा आला तरी ज्याच्यात आला त्याच्या सवयी कुठे जातील. साठी उलटलेला माणूस, टक्कल, खिशाला पेन, आणि हॉलच्या मधोमध गरगर. लोक टाळ्या वाजवतात. त्यांना वाटलं कार्यक्रमाचा भाग. पाहुण्यांनी मात्र एकदा बघितलं आणि तंतुवाद्य घेऊन माझ्यासमोर येऊन बसले. त्यांना कळलं होतं.

दादालाही कळलं. त्यानं मोबाइल खाली केला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला, चाळीत मी उभा राहायचो तसा.

"कोण आलंय?"

मी घुमतोच आहे.

"काय पाहिजे? नारळ देऊ?"

"देव," मी म्हणतो. आवाज माझा आहे, पण वरच्या पट्टीतला.

"कुठले देव?"

"तुला ठाऊक आहेत."

"सगळे?"

"अर्धे."

इथे व्हिडिओ थांबवावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. मी शुद्धीवर असतो तर सगळे मागितले असते आणि तणतण करून अर्ध्यावर आलो असतो. माझ्यासारखा माणूस पहिल्याच तोंडाला अर्धे मागणार नाही. बोलणारा मी नव्हतो, याला दुसरा पुरावा नको.

दादा म्हणतो, "देव मोठ्याकडे असतात. रीत आहे."

आणि या क्षणी पुतण्या घाबरला. काकाला काहीतरी झालं म्हणून त्यानं मशीन बंद केलं. धप्प धप्प थांबलं. पाहुणे मागं वळून त्यांच्या भाषेत काहीतरी कडक बोलले, पण तंतुवाद्य थांबवलं नाही. टाळही थांबले नाहीत. आणि मी म्हणालो, सगळ्यांसमोर, स्पष्ट:

"मग राहू दे तुझ्याकडे. सोडलं."

मग मी खाली बसलो आणि पाणी मागितलं. वॉचमननं घाबरून माझ्यावर मोगरा मारला.

अकरा वर्षांचा माझा राग, जो मी एक दिवस खाली ठेवला नव्हता, तो असा एका मिनिटात गेला. मला न विचारता. माझ्याच तोंडून. वर पुतण्याचं काम बघा. त्यानं ते "सोडलं" व्हिडिओतून कापलं आणि गाण्यात घातलं. मी एकदा बोललो, तो बत्तीस वेळा वाजवतो. "सोडलं, सोडलं, सोडलं," खाली ठोका, मागे आईचा तवा. कल्याणला रिक्षात बसलो तर रिक्षात वाजतं. डोंबिवलीला लोहाराकडे गेलो तर त्याच्या मोबाइलवर. लोहार म्हणाला, "शेठ, काय सोडलं?" मी त्याच्याकडचा पुढचा माल महिनाभर उचलला नाही.

पुतण्याला मी दुकानात बोलावलं.

"शब्द काय दिला होतास?"

"बाबा प्रेक्षकांत नसतील, असं."

"प्रेक्षकांत नाही, हॉलमध्ये."

"काका, ते सेक्रेटरी म्हणून आलेले. ड्युटीवर होते."

"आणि मशीन का बंद केलंस?"

"तुम्ही पडाल असं वाटलं. मी घाबरलेलो."

घाबरलेला हे खरं असेल. त्यानं टाळ परत आणले होते, तेही खरं. मी ते त्याच खिळ्याला टांगले. पण मुद्दा घाबरण्याचा नाही. मुद्दा असा की मशीन बंद झालं तेव्हा वाजप थांबलं की नाही. थांबलं असेल तर "सोडलं" हा शब्द माणसाचा, भेदरलेल्या, चक्कर आलेल्या माणसाचा, आणि तो मी मागे घेतो. थांबलं नसेल तर तो शब्द पाळायला हवा, आणि पाळायला लावणारा म्हणून मीच प्रसिद्ध.

हे मी दादाला फोनवर ऐकवलं. अकरा वर्षांनी पहिला फोन, आणि तोसुद्धा मी केला, याचंही उत्तर कुणीतरी द्यायला हवं.

"एक तार वाजत असेल तर वाजप चालू," दादा म्हणाला. "तूच म्हणालेलास. दोरीच्या वेळी."

"ते गोंधळाचं. तिथं संबळ वेगळा, तुणतुणं वेगळं. इथं तुझ्या पोरानं फलक लावला होता, वेगळं काढता येणार नाही. वेगळं काढता येत नसेल तर एक थांबलं की सगळं थांबलं."

दादा म्हणाला, "आईचा तवा वाजत होता ना. मला ऐकू येत होता."

मी फोन ठेवला.

चार दिवसांनी तो दुकानात आला. हातात स्टीलचा डबा, वर रुमाल बांधलेला. गल्ल्यावर ठेवला. पुतण्या बसतो त्याच स्टुलावर बसला. खिळ्याला टांगलेल्या टाळांकडे बघितलं, हात लावला नाही.

"यात काय आहे?"

"अर्धे. देवी आणि अन्नपूर्णा. खंडोबा आणि बाळकृष्ण माझ्याकडे राहू देत."

"आता कशाला?"

"तू मागत होतास तोवर देता येत नव्हतं रे. भांडून दिल्यासारखं झालं असतं. आता तू सोडलंस. घे."

"मी सोडलेलं नाही."

"मग परत नेऊ?"

दादा माझ्यापेक्षा मोठा आहे आणि उभ्या आयुष्यात त्याला घासाघीस जमलेली नाही. भाजीवाल्यानं सांगितलेला भाव तो आभार मानून देतो. त्यानं मला असा प्रश्न विचारला की ज्याला माझ्याकडे भाव नव्हता. डबा घेतला तर मी सोडलं हे कबूल केलं. सोडलं हे कबूल केलं तर देवांवर हक्क उरला नाही, मग घ्यायचा कशाच्या जोरावर? आणि नाही घेतला तर देवी परत घोडबंदर रोडला.

दादा उठला. डबा त्यानं नेला नाही. जाताना एक मोठा तवा बघत होता, म्हणाला, हिला भाकरी जमत नाही, तवाच बरा नाही बहुतेक. मी भाव सांगितला. तो देऊन गेला. एक रुपया कमी केला नाही मी. पण तवा तापवून, तेल पाजून दिला, हेही लिहून ठेवतो.

तेव्हापासून डबा गल्ल्यावर आहे. रुमाल सोडलेला नाही. सकाळी दुकान उघडलं की मी त्याच्यावर एक फूल ठेवतो. डबा सपाट आहे, फूल घसरत नाही. गिऱ्हाइकं विचारतात, यात काय आहे, मी म्हणतो, निकाल लागायचा आहे.

आणि निकाल फक्त एकजण देऊ शकतो. तो आता मोरोक्कोच्या पाहुण्यांबरोबर गावोगाव तो फलक लावून फिरतो आहे. त्यानं दुकानात यावं. बापाला बरोबर आणलं तरी चालेल, ती अट मी काढून घेतली आहे. येऊन त्याच स्टुलावर बसावं आणि मला सांगावं: तुझं मशीन आणि आजीचा तवा वेगळं काढता येतं की नाही? येत नसेल, तर त्या दिवशी वाजप थांबलं, माझा शब्द बाद, आणि ते बत्तीस वेळा वाजणारं "सोडलं" आधी बंद कर. येत असेल, तर तवा वाजत होता, मी सोडलं, आणि मग तू गावोगाव खोटा फलक का लावतोस ते सांग.

हो किंवा नाही. सेक्रेटरी, ड्युटी, घाबरलेलो, हे काही चालणार नाही. देवी डब्यात बसून वाट बघते आहे. उत्तर दे.